सासऱ्यांच्या रिव्हॉल्वरची निगा

४ ऑगस्ट, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. ती रद्दीत द्यायला जीव होत नाही, म्हणून तिथेच चार ओळी लिहिते. प्राजक्ता म्हणते, "आई, एक डायरी विकत घे ना." घरात कोरी पानं असताना?

आज श्रावणी सोमवार, उपास. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. डॉक्टर म्हणाले होते, आता लख्ख दिसेल, आणि मी भाबडेपणानं देवाला नारळ बोलले होते. त्यांना लख्ख दिसायला लागलं. पहिल्यांदा त्यांना स्वयंपाकघराच्या भिंतीवरची काजळी दिसली. मग प्राजक्तानं कापलेले केस. मग त्या म्हणाल्या, "पिस्तूल हाड गे, पळयां."

आणून दाखव म्हणाल्या ते पिस्तूल म्हणजे मामंजींचं रिव्हॉल्वर. मामंजी डिचोलीकडच्या एका खाणीवर कॅशियर होते. महिन्याचा पगार बँकेतून काढून खाणीवर न्यायचा, म्हणून त्यांना ते मिळालेलं. निकेलचा मुलामा असल्यामुळे चांदीसारखं पांढरं. त्यांच्यामागे थोरले म्हणून लायसन ह्यांच्या नावावर आलं. ते कपाटात असतं, दसऱ्याला पूजेला बाहेर येतं, आणि निवडणूक लागली की हे ते पोलीस ठाण्यात जमा करून येतात. गोळ्या ह्यांनी केव्हाच सरकारजमा केल्या, उगाच वजन नको म्हणून.

सासूबाईंनी ते खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिलं. काळपट पडलं होतं, बोटांचे ठसे, नळीवर ठिपके.

"हें कितें? म्हज्या घोवाच्या वेळार हातूंत तोंड दिसतालें. कुंकू लावपाक आरसो लागनासलो."

मामंजींच्या वेळी त्यात तोंड दिसायचं म्हणे. मी म्हटलं, पावसाळी हवा आहे.

"हवा थोरल्याच्याच घरांत येता? आयक गे. दसऱ्यापर्यंत पयल्यासारकें जालें ना, तर योगेशाक दितलें. तो व्हरूंदी वास्कोक. सोनाली निगा करतली."

म्हणजे दसऱ्यापर्यंत पूर्वीसारखं झालं नाही, तर ते वास्कोला धाकट्या दिरांकडे जाणार. सोनाली म्हणजे माझी धाकटी जाऊ. निगा चांगली ठेवते म्हणून सासूबाईंची नथ तिच्याकडे गेली. मग काचेची हंडी गेली. मग शिसवी देव्हारा गेला, आणि माझे देव फळीवर आले. ती निगा ठेवतेच, खोटं कशाला बोलू. पण थोरलेपणाची खूण म्हणावी अशी आता ह्या घरात ही एकच वस्तू राहिली आहे. ही मी जाऊ देणार नाही. रवळनाथासमोर बसून ठरवलं आहे.

हे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. सासूबाईंचं बोलणं संपल्यावर हसले. मला धीर यावा म्हणून असणार.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ह्यांना म्हटलं, म्हापशाला बंदुकांचं दुकान आहे, तिथे विचारून या की निकेलचं कसं साफ करतात. मनात धरून होते की महिनाभर तरी मागे लागावं लागेल. वीजखात्यातून रिटायर झाल्यापासून पेडण्याच्या बाजारात जायचं म्हटलं तरी ह्यांचे गुडघे दुखतात. पण हे पहिल्या बसनं गेले. पोदेर पाव घेऊन आला तेव्हा ह्यांचा चहा पिऊन झालेला होता.

दुपारी आले ते खुशीत. म्हणाले, "सगळें विचारलें. कितें करचें, कितें करचें न्हय, सगळें."

"मग सांगा."

"घासचें. बरें दाबून घासचें. आंबट लायल्यार उत्तम. आणि चामड्याच्या पाकिटांत घालून दवरचें, कायम. वारो लागूंक फावना."

"म्हणजे आमच्या समईसारखंच?"

"समयच समज," हे म्हणाले आणि आंघोळीला गेले. आत गुणगुणणं ऐकू येत होतं.

मला एवढं बरं वाटलं. सोनालीला शो-पीस पुसता येतात, पण समया घासण्यात कोरगावात माझा हात धरणारी नाही. देवळातल्या मोठ्या समयासुद्धा जत्रेच्या आधी माझ्याकडे येतात. इंग्रजी वस्तू म्हणून मी उगाच दबून होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज घासलं. परसातल्या झाडाची बिमलां काढली, पिकून मऊ झालेली, आंबट ढाण. ती ठेचली, चुलीची राख चाळून घेतली, नारळाची शेंडी घेतली. विकत काही आणलं नाही.

लायसनवाला माणूस समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही असं हे म्हणतात. आधी ह्यांनी स्वतः उघडून रिकामं असल्याची खात्री केली, मग पुन्हा केली, मग मला करायला लावली. मग कदेल ओढून बसले, पण तोंड बागेकडे.

"अहो, इकडे बघा तरी."

"कानान पळयतां गो. तूं घास."

ह्यांना त्या वस्तूबद्दल फार आदर आहे. हातात घेतलं की तळव्यांना घाम सुटतो. निवडणुकीत ठाण्यावर न्यायचं असलं की आदल्या दिवसापासून जेवण जात नाही. वडिलांची जबाबदारी म्हटल्यावर माणसाला ओझं वाटणारच.

नळी घासली, मूठ सोडून बाकीचं घासलं, फिरतं चाक तर खाचाखाचांतून काडीनं काढलं. गरम पाण्यानं धुतलं, पदरानं टिपलं. काय उजेड पडला म्हणून सांगू. गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, चामड्याच्या पाकिटात घातलं, आत कापराची वडी टाकली. वास चांगला राहील.

सासूबाईंना दाखवू म्हटलं तर हे म्हणाले, "आतां नाका. दसऱ्याक एकदम दाखय." त्यांनाही आईला चकित करायचं आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चवथीच्या धांदलीत इकडे लिहायला झालं नाही. गणपती पोचवले, वरची फळांची माटोळी उतरवली, तळलेल्या नेवऱ्या अजून डब्यात आहेत.

आज पाकीट उघडलं. रिव्हॉल्वर सहज बाहेर येईना. ओढून काढलं तर चामड्याचा हिरवट वळ उठलेला, आणि नळीच्या तोंडाशी एक फोड. पापड भाजताना येतो तसा. मी बिमलं लावून हलकेच घासलं, तर फोड फुटला आणि दुधावरची साय निघावी तसा एक पापुद्रा माझ्या नखाला लागून आला. खाली तांबूस.

ह्यांना हाक मारली. एरवी कानानं बघणारा माणूस चष्मा लावून जवळ आला, अगदी वाकून बघितलं.

"आनी खंय निघता पळय," हे म्हणाले.

"आणखी कशाला निघायला हवं?"

"न्हय, म्हणजे... आदलें वायट तें सगळें निघूंक जाय. मागीर बरें जातलें. दुकानदार तसोच म्हणालो. घास."

म्हणून घासलं. तांबूस डाग वाढला. देवाचा तांब्या आतून दिसतो तसा रंग. मग मनाची समजूत घातली की तांबं शुद्धच, पूजेला चालतं.

प्राजक्ताला दाखवलं. ती म्हणाली, "मी ह्यात नाही." कॉलेजात शिकलेल्या मुलींचा हा असा उपयोग.

११ सप्टेंबर, गुरुवार

मामंजींचा म्हाळ. कावळा शिवेना. भटजी थांबले, योगेश भाऊजींचा वास्कोहून फोन येऊन गेला, तांदळाची खीर निवली. मी मनात म्हटलं, मामंजी, दसऱ्यापर्यंत नीट करते, शब्द देते. कावळा आला आणि वडा उचलून गेला. पिंडाला चोच लावली नाही, पण वडाही त्यातलाच धरायचा.

सासूबाईंनी सगळ्यांना मामंजींची गोष्ट सांगितली. पगाराच्या दिवशी रानातल्या वळणावर कुणीतरी आडवं आलं, मामंजींनी नुसतं रिव्हॉल्वर काढून उन्हात धरलं, त्याच्या झळाळीनंच तो माणूस पळाला. "उडोवचें पडलेंच ना," सासूबाई म्हणाल्या. "चकचकतालें तेंच पुरो."

म्हणजे सगळं त्या चकाकीवरच होतं. मी पानावरून अर्धीच उठले. ह्यांनी मात्र खीर दोनदा घेतली.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज अपूर्व घडलं. हे बाजारातून आले आणि पिशवीतून पितळ चमकवायच्या पाण्याची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. मी सांगितलेलं नसताना. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्यासाठी आपणहून आणलेली ही पहिली वस्तू. मला भरून आलं. थोडं त्या पाण्याच्या उग्र वासानंही आलं असेल, बूच काढल्याबरोबर नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

हिशेबात कुठे मांडावं हा प्रश्न पडला. देवपूजा की घरदुरुस्ती? शेवटी देवपूजेत धरलं.

फडक्यावर घेऊन घासलं. चवलीएवढा डाग पावलीएवढा झाला. चाकावरसुद्धा तांबूस दिसायला लागलं. मी थांबले.

"थांबली कित्याक?" हे खिडकीकडूनच म्हणाले.

"अहो, हे बरं होतंय की वाईट?"

ह्यांनी मान वळवून पाहिलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मनासारकें जाता."

एवढा विश्वास ह्यांनी माझ्या कुठल्याच कामावर आजवर दाखवला नव्हता. आमटीवरसुद्धा नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सकाळी देवळात जाऊन बाबली गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी विचारलं, रिव्हॉल्वरची अवस्था सासूबाईंना आधीच सांगून टाकू का?

एकही पाकळी पडेना. माझ्यामागे दोघीतिघी ताटकळत होत्या, एक तर मुलीच्या लग्नाचं विचारायला आलेली. बाबलीनं घंटा वाजवली, पुन्हा गाऱ्हाणं घातलं, कोपऱ्यातला पंखा लावून पाहावा की काय असाही विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसला. शेवटी म्हणाला, "वयनी, देवाक हातूंत पडपाचें ना शें दिसता."

मी तीर्थ घेऊन घरी आले. मग मला काय एकटीलाच पडायचं आहे का ह्यात?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. दसऱ्याचं सामान आणायचं म्हणून निघाले, पण खरं म्हणजे त्या बंदुकांच्या दुकानात गेले. ह्यांना सांगितलं नाही. एवढं करतात बिचारे, पुन्हा त्रास कशाला. रिव्हॉल्वर अर्थातच नेलं नाही, प्राजक्ताकडून मोबाईलवर फोटो काढून घेतले होते.

दुकानदार गोरागोमटा, बोलका, समोर चहाचा ग्लास. फोटो बघून त्यानं ग्लास बाजूला ठेवला.

"बाई, ह्याचं कोणी काय केलं?"

मी सांगितलं. बिमलां, राख, शेंडी, चामडं, बाटली. एकेका नावाला तो डोळे मिटत होता.

"निकेल घासायचं नसतं हो. मऊ फडकं घ्यायचं, तेलाचा थेंब, अलगद पुसायचं. आंबट लावायचं नाही. राख तर नाहीच. पितळेच्या त्या पाण्यानं मुलामा सुटतो. आणि चामड्यात ओल धरते, चामडं कमावतानाचा आंबटपणा असतो त्यात, म्हणून त्यात कधीच ठेवायचं नाही. मुलाम्याखाली तांब्याचा थर असतो, तो दिसायला लागला म्हणजे वरचं गेलं. गेलेलं परत येत नाही."

मी म्हटलं, आमच्या घरचे ऑगस्टात तुमच्याकडेच येऊन विचारून गेले होते.

"कोरगावचे ना? छत्रीवाले? चांगले आठवतात. त्यांना हे सगळं सांगितलं होतं मी. सगळे विचारतात टिकतं कशानं, ते विचारत होते बिघडतं कशानं. चिठ्ठीवर उतरवून घेतलं, वाचून दाखवलं, मी बरोबर म्हटल्यावर खिशात घातलं."

आता मला सगळा उलगडा झाला. पुरुषांचं हे असंच असतं. सांगितलेलं नेमकं उलटं लक्षात ठेवतात. कोथिंबीर आणू नका, घरात आहे, असं सांगावं तर कोथिंबीर घेऊन येतात. चिठ्ठी नक्कीच धुण्यात गेली असणार.

घरी येऊन ह्यांना काही बोलले नाही. एवढ्या हौसेनं म्हापशाला गेलेल्या माणसाला कसं सांगायचं की तुमच्यामुळे घात झाला? फक्त म्हटलं, "अहो, आता घासायचं बंद. मऊ फडकं आणि तेल."

ह्यांनी विचारलं, "आतां बंद केल्यार चलता?"

"जे गेलं ते परत येत नाही म्हणे."

"परत येना," हे म्हणाले, आणि दीर्घ श्वास सोडला. त्यांनाही लागलं असणार.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. योगेश भाऊजी आणि सोनाली दुपारी वास्कोहून आली. सोनालीनं आल्याआल्या मोबाईल काढला. त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नवी काचेची शोकेस बसवली आहे, आत दिवे. खालच्या कप्प्यात आमची हंडी. मधला कप्पा रिकामा, आत निळी मखमल.

"वहिनी, इथे काय शोभेल सांगा बघू," ती म्हणाली.

मी म्हटलं, फुलदाणी.

सासूबाई म्हणाल्या, "फाल्यां पळोवया." म्हणजे उद्या बघू.

हे फार आनंदात आहेत. सकाळी पोदेराकडून नेहमीपेक्षा जास्त उंडे घेतले. भाऊजींना मिठी मारली. त्यांच्याशी बराच वेळ व्हरांड्यात बसून बोलत होते, मी चहा घेऊन गेले तेव्हा कानावर पडलं, "लायसन बदलप कांयच कठीण ना. हांवें फॉर्म हाडून दवरला." आमचं काही हरवलं तर कागदपत्रं तयार असावीत, असा ह्यांचा स्वभाव. वीजखात्यातली सवय.

मी दुपारभर फडकं आणि तेलाचा थेंब घेऊन अलगद पुसत बसले. राहिलेलं निकेल खरंच छान चमकतं, अलगद पुसलं की. पण तांब्याचे डाग त्यामुळे जास्तच उठून दिसायला लागले. गाईच्या अंगावरचे असतात तसे.

उद्या काय होईल ते होईल. मी खोटं बोलणार नाही एवढं ठरवलं आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

एकदाचं झालं. सगळं क्रमानं लिहिते.

यंदा दसरा गांधीजयंतीला आला. सकाळी ह्यांनी सासूबाईंना सहज म्हणून सुचवलं, "आये, आयच्या दिसा पिस्तुलाची पूजा बरी दिसना. तशेंच योगेशाच्या हातांत दिवया, पूजा तो वास्कोक करतलो."

"गांधीक खाणीचो पगार घेवन डिचोलेच्या रस्त्यान वचचें पडलें ना," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

पाट मांडला. कोयता, खोरं, विळी, प्राजक्ताचा लॅपटॉप आणि मधोमध लाल वस्त्राखाली रिव्हॉल्वर. आपट्याची पानं, झेंडू. आरती झाल्यावर सासूबाईंनी वस्त्र उचललं.

प्राजक्ता छताकडे बघत होती. सासूबाईंनी ते हातात घेतलं, खिडकीकडे धरलं, नव्या डोळ्यांनी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"हें कोणें केलें?"

"मी," मी म्हटलं. "समईसारखं घासलं. चुकलं माझं. पण मन लावून घासलं."

"तें दिसता," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी ते पाटावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हांवें जें सांगिल्लें तें सांगिल्लें. योगेशा, घेवन वच."

ह्यांचा हात लगेच शर्टाच्या खिशाकडे गेला. फॉर्म बाहेर आला, पेनसुद्धा. घाई केली नाही तर आई आणखी चिडेल, हे ह्यांना कळतं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, मला कागद नीट दिसतही नव्हता.

तेवढ्यात सोनाली पुढे वाकली.

"आई, पण हे असं? तांबडं-पांढरं? शोकेसमध्ये दिवे आहेत हो, वरून. हे त्यात ठेवलं तर लोक म्हणतील भंगारवाल्याकडून आणलं."

"पावडर कोटिंग करून घेवया," हे घाईघाईनं म्हणाले. "हांव पयशे दितां." ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

"नाही दादा, मूळचं नाही ते नकोच. अहो, तुम्ही बोला ना."

योगेश भाऊजी इतका वेळ पाटापासून लांब भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम मोकळे झाले. "दादा, थोरल्याची वस्तू थोरल्याकडेच शोभते. आमच्या सोसायटीत असल्या गोष्टी... शिवाय निवडणुका आल्या की ठाण्यावर खेपा. तूच रे बाबा. तुला सवय आहे."

"तुका मरे जाय आसलें?" हे म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"मी कधी मागितलं? आई देते म्हणाली म्हणून गप्प होतो."

सासूबाईंनी दोन्ही मुलांकडे आळीपाळीनं पाहिलं. असं बघताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन खरोखर चांगलं झालं आहे. मग त्यांनी ह्यांच्या हातातला फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या पाटाच्या पायाखाली सरकवला.

"पिस्तूल हांगाच रावतलें," त्या म्हणाल्या. "पूण आतां सुनेन हात लावचो ना. तुज्या नांवार लायसन, तूंच पुसचें. दर सोमारा, म्हज्या मुखार बसून. आनी तोंड हेवटेन, पिस्तुलाकडेन करून. बागेंत कितें पळयता तें म्हाका आतां दिसता."

मी त्यांच्या पाया पडले, मग पाटासमोर डोकं टेकलं. मनातून काळोख निघून गेल्यासारखं झालं. सोनालीनं मला सोनं म्हणून आपट्याचं पान दिलं, मी तिला नेवऱ्यांचा डबा दिला. प्राजक्ता परसात जाऊन एवढी हसत होती की शेजारच्या सुविधा वहिनी कुंपणाशी आल्या.

जेवणाच्या पंगतीत ह्यांचं ताट तसंच. वडे नाहीत, खतखतें नाही, पायसाला बोटही लावलं नाही. मी वाढायला गेले तर पाटावरच्या रिव्हॉल्वरकडे बघत बसलेले.

"अहो, राहिलं ना आपल्याकडे," मी हळूच म्हटलं.

"रावलें," हे म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

वडिलांच्या वस्तूवर मुलाचा एवढा जीव असतो, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं.